गालावरचे तीन मिलिमीटर

शेजारी शेजारी लावलेले दोन फोटो. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’, मध्ये पांढरी उभी रेघ. बाई पन्नाशीच्या, कानात मोत्याच्या कुड्या. डावीकडे हनुवटीच्या दोन्ही बाजूंना जबड्याची कड ओघळलेली, उजवीकडे तीच कड कानापर्यंत स्वच्छ. खाली दिमाखात लिहिलेलं, की कातडीखाली धागे घालून, म्हणजे थ्रेड लिफ्ट करून, तासाभरात हा फरक. पटकन पाहिलं तर पटतंही. खटकतात त्या कुड्या. डावीकडच्या फोटोत त्या नाकपुड्यांच्या पातळीवर आहेत आणि उजवीकडच्यात वरच्या ओठाच्या. धाग्यांनी गाल वर गेला असेल, पण कान खाली कसे आले? कान अर्थातच जागचे हललेले नाहीत. बाईंनी हनुवटी वर केली आहे, एवढंच. कान आणि नाकाचा शेंडा यांच्यात पुढे-मागे साधारण १० सेंटिमीटर अंतर असतं. डोकं १० अंश मागे कललं, की त्या अंतरापायी कान नाकाच्या मानाने १७ मिलिमीटर खाली उतरलेला दिसतो. त्याच कलण्याने हनुवटीखालची कातडी ताणली जाते आणि जबड्याखालची सावली पुसली जाते. आता दिसणाऱ्या सुधारणेत धाग्यांचा वाटा किती आणि मानेचा किती, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. यात लबाडी असेलच असं नाही. फोटो काढणाऱ्या मुलीने ‘मॅडम, जरा वर बघा’ एवढंच म्हटलं असेल. शिवाय पैसे मोजून, टोचून घेऊन झाल्यावर माणूस जरा ताठच बसतो.

थ्रेड लिफ्टमध्ये काय करतात हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असतं. मुंबई-पुण्यात मुलीच्या लग्नाआधी चौकशी करणाऱ्या आया कन्सल्टेशनला येतात त्या व्हिडिओ पाहूनच. बसलेल्या अवस्थेत चेहऱ्यावर पेनाने रेघा मारायच्या, भूल द्यायची, कानाच्या पुढे केसांच्या कडेशी छिद्र पाडून बोथट कॅन्युला (पोकळ नळी) कातडीखालच्या चरबीतून गालाकडे सरकवायची. कॅन्युला बाहेर काढली की काटेरी धागा आत राहतो. मग गाल हाताने वर दाबत काट्यांवर बसवायचा आणि बाहेर उरलेलं टोक कातडीलगत कापायचं. एका बाजूला चार ते सहा धागे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्लास्टिक सर्जन मार्लेन सुलामानिद्झे यांनी असे काटेरी धागे चेहऱ्यात वापरायला सुरुवात केली, तेव्हा ते पॉलिप्रॉपिलीनचे, न विरघळणारे होते. आज सर्रास वापरतात तो पीडीओचा (पॉलिडायोक्सॅनोन) धागा सहा ते आठ महिन्यांत विरघळतो. पण धाग्याने कातडी कमी होत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. फेसलिफ्टमध्ये जास्तीची कातडी कापून टाकतात. इथे ती फक्त सरकते. सैल झालेल्या निऱ्या वर ओढून खोचल्या की कापड जसं कमरेशी गोळा होतं, तशी सरकलेली कातडी कानाजवळ, कानशिलाजवळ जमा होते. पहिले दोन-तीन आठवडे तिथे चुण्या दिसतातही. म्हणून परिणाम मोजणाऱ्याने गालाबरोबर कानाजवळची ती जागाही पाहायला हवी. तिथल्या चुण्या मावळल्या याचे दोन अर्थ होतात. कातडी नव्या जागी बसली, किंवा जिथून आली होती तिथे परत गेली.

आणि हा सगळा हिशेब जेमतेम काही मिलिमीटरचा असतो.

मिलिमीटर फोटोवरून काढायचे तर फोटोत माहितीच्या मापाची एखादी वस्तू हवी. ती आपल्या चेहऱ्यातच असते. डोळ्यातल्या बुबुळाची आडवी रुंदी बहुतेक प्रौढांत ११.७ मिलिमीटरच्या आसपास असते. समोरून काढलेल्या फोटोत बुबुळ ९४ पिक्सेल भरलं, तर ८ पिक्सेलला एक मिलिमीटर हे प्रमाण मिळतं. तिरक्या फोटोत मात्र बुबुळ आक्रसतं, तिथे हा हिशेब चालवू नये. टिकली ही खूण म्हणून सगळ्यात वाईट, कारण ती रोज नव्या जागी लागते. तीळ चांगला. जबड्यासाठी तिरक्या फोटोत कानाखालचा जबड्याचा कोपरा आणि हनुवटीचं टोक यांना जोडणारी सरळ रेघ काढायची आणि तिच्याखाली ओघळ किती उतरतो ते मोजायचं. मानेसाठी हनुवटीखालचा कोन. तो १०५ ते १२० अंशांत असला की मान तरुण दिसते, असं प्लास्टिक सर्जरीच्या पुस्तकांत मानलं जातं, पण हनुवटी उचलली की सगळ्यात आधी हाच कोन बदलतो. कानाच्या पुढच्या उंचवट्यापासून ओठाच्या कोपऱ्याची उंची मोजणारेही आहेत. त्या दोन बिंदूंत खोलीचा फरक धरा ८ सेंटिमीटर. डोकं फक्त ५ अंश कललं तरी मापात ७ मिलिमीटरची चूक शिरते. धाग्यांनी गाल ३ मिलिमीटर उचलला असेल तर तो त्या चुकीत बुडून जातो. म्हणजे ५ अंशांच्या बेफिकिरीत थ्रेड लिफ्ट यशस्वीही ठरवता येते आणि वाया गेलेलीही, जशी गरज असेल तशी.

उपाय जुनाच आहे. कानाच्या छिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड यांना जोडणारी रेघ जमिनीला समांतर ठेवायची. कवट्या मोजणाऱ्या मानवशास्त्रज्ञांनी १८८४ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टला ही पातळी ठरवली आणि ती अजून त्याच शहराच्या नावाने चालते. त्याच दशकात पॅरिसच्या पोलिसांत आल्फोन्स बर्टियाँ गुन्हेगारांचे समोरून आणि बाजूने, ठरलेल्या अंतरावरून, ठरलेल्या खुर्चीत बसवून फोटो काढत होता. चोर ओळखायला जी शिस्त लागली, तीच गाल मोजायला लागते, आणि ती पाळायला लाखांचं यंत्र लागत नाही. खुर्ची जमिनीला पक्की. कॅमेरा तिपाईवर, डोळ्यांच्या उंचीला. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ ते १०५ मिलिमीटरची लेन्स, चेहऱ्यापासून सव्वा-दीड मीटर. दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर सारखे दिवे. दिवा एकाच बाजूने किंवा वरून आला तर ओघळाखालची सावली गडद होते. तोच समोरून आणला तर ओघळ नाहीसा होतो, एकही धागा न घालता. पाच फोटो: समोरून एक, ४५ अंशांचे दोन, संपूर्ण बाजूचे दोन. ४५ अंश डोळ्यांनी ठरवायचं तर नाकाचा शेंडा पलीकडच्या गालाच्या कडेला नेमका टेकेपर्यंत मान वळवायची. केस हेअरबँडने मागे. कानातलं, मंगळसूत्र, टिकली, नथ उतरवलेली. मेकअप पुसून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, कारण पुसताना चोळलेला गाल लाल आणि किंचित फुगलेला असतो. दाढा टेकलेल्या, ओठ नुसते मिटलेले, गिळून झाल्यावरचा सैल चेहरा. हसू बिलकूल नको. हसण्याने ओठाचा कोपरा जेवढा वर जातो तेवढा कुठल्याही धाग्याने जात नाही.

मोबाइलचा मोह सुटत नाही, कारण तो हातात असतो. पण ३० सेंटिमीटरवरून काढलेला फोटो चेहरा वेगळाच करतो. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका गणिती अभ्यासाने दाखवलं, की दीड मीटरच्या मानाने ३० सेंटिमीटरवरून नाकाचा बुंधा जवळपास ३० टक्के रुंद दिसतो. त्याच कारणाने मधला भाग फुगतो आणि कडा मागे पळतात. गालाच्या बाजू, जबड्याचे कोपरे, कान आक्रसतात. म्हणजे ‘आधी’चा फोटो दुरून आणि ‘नंतर’चा जवळून काढला, की जबडा आपोआप निमुळता. ‘आधी’ आणि ‘नंतर’ एकमेकांवर अर्धपारदर्शक ठेवून पाहिले तर या गोष्टी झटकन उघड्या पडतात. डोळ्यांचे कोपरे जुळवा. ते जुळले आणि कान जुळले नाहीत, तर गालाकडे पाहण्यात अर्थ नाही. तो फोटो बाद.

याहून कमी पाळली जाणारी एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. ‘आधी’चे फोटो दोनदा काढावेत. पाच फोटो झाले की रुग्णाला उठवायचं, पाणी द्यायचं, वीस मिनिटांनी पुन्हा बसवून तेच पाच काढायचे. मध्ये काहीच केलेलं नाही, तरी मापं जुळणार नाहीत. हा जो काहीही न करता आलेला फरक, ती आपल्या मापनाची थरथर. पाच-पंचवीस चेहऱ्यांवर असे जोड घेतले की तिचा आकडा निघतो. समजा एका मापाची प्रमाणित चूक ०.७ मिलिमीटर आली. तिला २.७७ ने गुणा, उत्तर जवळपास १.९. याचा अर्थ एखाद्या रुग्णात १.९ मिलिमीटरच्या आतला बदल दिसला, तर तो बदल आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. हा २.७७ काही जादूचा आकडा नाही. दोन मापांच्या वजाबाकीत दोघांची चूक मिसळते म्हणून २ चं वर्गमूळ, आणि ९५ टक्के खात्रीसाठी १.९६; त्यांचा गुणाकार. खूण लावणारी माणसं दोन असतील तर थरथर आणखी वाढते. सगळ्यात जास्त वाढते ती जबड्याच्या कोपऱ्यावर, कारण तिथे हाड हाताला लागतं पण फोटोत दिसत नाही. म्हणून त्या जागी बसवल्याबरोबर पेनाने ठिपका काढून ठेवलेला बरा. हे सगळं एकदा करून पाहिलेल्या माणसाचा हात ‘२ मिलिमीटर लिफ्ट’ असं लिहिताना जरा आखडतो.

मोठ्या क्लिनिकमध्ये आता त्रिमितीय कॅमेरे आले आहेत. एकाच क्षणी वेगवेगळ्या कोनांतून फोटो घेऊन ते चेहऱ्याचा पृष्ठभाग उभा करतात. ‘आधी’ आणि ‘नंतर’चे पृष्ठभाग कपाळ आणि नाकाच्या दांडीवर जुळवायचे, कारण तिथे धागे नसतात. मग संगणक रंगीत नकाशा देतो, पुढे आलेला भाग एका रंगात, मागे गेलेला दुसऱ्या. रुग्णाला तो फार आवडतो. मानेचं कलणं इथे जवळपास निकालात निघतं, हे खरं. पण या नकाशात एक पेच आहे आणि तो यंत्र विकणारा सांगत नाही. नकाशा मोजतो पृष्ठभाग लंब दिशेने किती पुढे-मागे झाला ते. धागा कातडी सरकवतो ती पृष्ठभागाच्याच दिशेने, वर. गुळगुळीत गालावर कातडी ३ मिलिमीटर वर सरकली तरी गालाचा आकार तोच राहू शकतो आणि नकाशा कोराच. उलट नुसती सूज आली तर नकाशा रंगांनी भरून जातो. सरकणं मोजायचं तर कातडीवरच्याच खुणा धराव्या लागतात: तीळ, देवीचा व्रण, ठळक रंध्र. ‘आधी’च्या पृष्ठभागावर त्या खुणेचा बिंदू, ‘नंतर’च्यावर तोच बिंदू, आणि दोघांमधला बाण. किती मिलिमीटर आणि कोणत्या दिशेला, दोन्ही मिळतं. दिशेला महत्त्व आहे, कारण धागा कानाकडे आडवा ओढला गेला तर माप भरपूर येतं आणि चेहरा मात्र रुंद दिसतो. तोंड ताणलेलं, उचललेलं नाही.

सूज या हिशेबातली सगळ्यात मोठी खोटी साक्षीदार. भुलेचं द्रव आत गेलेलं असतं, कॅन्युलाने ऊतक दुखावलेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाल भरीव, सुरकुत्या भरलेल्या. टेबलावरून उठल्याबरोबर काढलेला फोटो जाहिरातीला उत्तम आणि मापनाला निरुपयोगी. दोन आठवड्यांचा फोटो तक्रारींसाठी घ्यावा, यशासाठी नाही. खरं माप एका महिन्यापासून सुरू होतं, मग तीन, सहा, बारा आणि जमलं तर अठरा महिने. विरघळणाऱ्या धाग्याची ताकद तो नाहीसा होण्याच्या खूप आधी उतरू लागते, आणि काटे ज्या चरबीत रुतलेले असतात ती मऊ असते. चावणं, जांभई, कुशीवर झोपणं यांनी काटे हळूहळू तिला कापत जातात. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे दातांच्या डॉक्टरकडे मोठं तोंड उघडून बसू नका असं सांगतात. धागा विरघळल्यावर त्याच्याभोवती तयार झालेलं कोलॅजन (त्वचेतलं तंतुमय प्रथिन) गाल धरून ठेवतं, असा दावा असतो. कोलॅजन तयार होतं हे खरं. ते एवढं वजन पेलतं का, याचं उत्तर बाराव्या महिन्याच्या फोटोतच मिळू शकतं, आणि नेमका तोच फोटो बहुतेक ठिकाणी नसतो.

वर्षभरात चेहऱ्याला इतर गोष्टीही होतात. दोन-तीन किलो वजन उतरलं की जबड्याची कड सुधारते, श्रेय जातं धाग्यांना. म्हणून प्रत्येक फोटोच्या दिवशी त्याच काट्यावर वजन. कवळी असेल तर घातलेली होती की नाही हे लिहून ठेवायचं, कारण कवळी काढली की चेहऱ्याचा खालचा एक तृतीयांश भाग कोसळतो. सकाळचा चेहरा संध्याकाळच्या चेहऱ्यापेक्षा फुगलेला असतो, तेव्हा वेळही तीच. आणि त्याच काळात चावण्याच्या स्नायूंत बोटॉक्स, गालात भर घालणारं फिलर दिलं गेलं असेल, तर प्रामाणिकपणे सांगावं की आता धाग्यांचा वेगळा हिशेब निघणार नाही. पॅकेज देणाऱ्या क्लिनिकला हे वाक्य जड जातं.

मग तज्ज्ञांचे गुण. जबड्याच्या ओघळासाठी ० ते ४ अशा छायाचित्रांच्या पट्ट्या आहेत; समोरचा फोटो पट्टीवरच्या कोणत्या चेहऱ्याशी जुळतो ते सांगायचं. त्याहून लोकप्रिय आहे ती ‘एकूण सुधारणा’ विचारणारी पाच पायऱ्यांची पट्टी, ‘फारच छान’पासून ‘बिघडलं’पर्यंत. तिच्यात गुण देणारे बहुतेकदा धागे घालणारेच डॉक्टर, आणि कोणता फोटो ‘नंतर’चा हे त्यांना माहीत. आपल्याच स्वयंपाकाला मीठ कमी आहे असं फार थोडे लोक म्हणतात. फोटो बाहेरच्या दोघा-तिघांना द्यावेत, तारखा झाकून, क्रम उलटसुलट करून. विचारायचं एवढंच, की या दोनांतला नंतरचा कोणता? निम्म्या वेळा चुकले तर उत्तर मिळालं. २००९ मध्ये अमेरिकेत असा झाकून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला होता, ३३ रुग्णांचा. पहिल्या महिन्यात परीक्षकांना सुधारणा दिसली. सरासरी २१ महिन्यांनी पाहिलं तेव्हा फक्त धागे घातलेल्यांत फारसं काही उरलं नव्हतं. सोबत दुसरी शस्त्रक्रिया झालेल्यांत टिकलं होतं. धाग्यांचे प्रकार तेव्हापासून बदलले, पण परीक्षकांच्या डोळ्यांवरची ती पट्टी अजूनही फार थोडे बांधतात.

जमेच्या बाजूला एवढं मोजताना खर्चाची बाजू सुटता कामा नये. २०२१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या आकड्यांत साधारण एक तृतीयांश जणांना सूज, दहातल्या एकाला खळी, शंभरातल्या चौघांना धागा दिसणं किंवा बोटाला लागणं, असं होतं. खळी समोरच्या सपाट उजेडात लपते. बाजूने एकच दिवा लावून, बोलायला लावून पाहिली की दिसते. ती पडते कारण धागा फार वरच्या थरात गेलेला असतो आणि एखादा काटा त्वचेच्या तळालाच धरून बसतो. उच्च वारंवारतेच्या सोनोग्राफीत धागा किती खोल आहे हे पाहता येतं; पीडीओ दोन समांतर चमकदार रेघांसारखा दिसतो. सावळ्या त्वचेत धागा घातल्याच्या छिद्राशी काळा डाग राहू शकतो. तोही मोजपट्टीवर यावा, कारण तीन मिलिमीटर सोडून बाई आरशात आधी तोच डाग पाहतात.

आरशाची गोष्ट निघाली तर मिलिमीटरची बाजू जरा लंगडी पडते. रुग्णाच्या समाधानासाठी ‘फेस-क्यू’सारख्या प्रश्नावल्या आहेत. त्यांत उत्तरांचे गुण ० ते १०० मध्ये बसवतात, आणि त्या धागे घालण्याआधीही भरून घ्यायच्या असतात. नुसतं नंतर विचारलं तर बाई आजचा चेहरा आठवणीतल्या चेहऱ्याशी ताडतात. खर्च झालेला असतो, घरात कुणीतरी नाक मुरडलेलं असतं, तेव्हा आठवणीतला चेहरा सोयीने जरा अधिकच ओघळतो. मोजपट्टीवर शून्य आणि प्रश्नावलीवर ८० असेही रुग्ण असतात. त्यांना फसलेलं म्हणायला जीभ रेटत नाही. वर्षभर त्या बाई फोटोत मागे उभ्या राहिल्या नाहीत, हा परिणामच आहे. फक्त तो गालाचा म्हणून खपवू नये. उलटही घडतं. ३ मिलिमीटर पक्के मिळालेत, झाकलेल्या परीक्षकांनीही ओळखलंय, आणि बाई नाराज, कारण त्यांना आडवं झोपल्यावर आरशात दिसतो तो चेहरा हवा होता. तो धाग्यांनी मिळत नाही. हे आधी सांगायचं असतं, हातात आरसा देऊन, एकदा बसवून आणि एकदा झोपवून.

आता आकड्यांच्या शेवटच्या रकान्याकडे. समजा वर्षभरात ४० जणांना धागे घातले आणि बाराव्या महिन्यात फोटोला १८ आले, त्यातले १५ समाधानी. फलकावर लिहिलं जातं ८३ टक्के. न आलेल्या बावीसांत कुणी गाव बदललं, कुणाला गरज वाटली नाही, कुणी चिडून दुसऱ्या डॉक्टरकडे गेलं आणि कुणी तिथे पुन्हा धागे घालून घेतले. त्यांना फोन करायचा, येणं जमत नसेल तर ‘पुन्हा काही करून घेतलंत का’ एवढा एक प्रश्न विचारायचा, आणि दुसरीकडे पुन्हा केलेल्यांना अपयशात धरायचं. छेद ४० चाच ठेवायचा. मग ८३ चे ३७.५ होतात, न आलेल्यांतले समाधानी फोनवर सापडले तर थोडे वर चढतात. फोन करायला रिसेप्शनवरच्या मुलीला दोन दुपारी पुरतात.